माळावर बुडालेला माणूस

१

ओंकार शेवाळे बुडून मेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दवाखान्याबाहेरच्या गर्दीतलं कोणीतरी चक्क हसलं. हसू येणारच म्हणा. ओंकार सापडला तो आमच्या दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या माळावर, तोही ऐन एप्रिलमध्ये. त्या माळावर माणूस उन्हानं मरेल, तहानेनं मरेल, नाग चावून मरेल. बुडायला तिथं पाणी आणायचं कुठून?

मला मात्र हसू आलं नाही, कारण मी त्याला पाहिलं होतं.

मी शमशेर. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ड्रेसर आहे. जनावरांना धरणं, जखमा धुणं, मॅडमच्या हातात हवं ते देणं आणि उरलेल्या वेळात त्यांची बोलणी खाणं, हे माझं काम. मॅडम म्हणजे डॉक्टर सुकन्या. त्या दिवशी उजाडता उजाडता भीमा मेंढपाळाचा फोन आला.

"शमशेरभाई, माळावर मानूस पडलाय. जिता हाय का मेला त्ये काय कळंना. मॅडमला घिऊन या."

त्याच्या मोबाईलमध्ये डॉक्टर म्हणून एकच नंबर होता, आमचा. माणसाला कोणता डॉक्टर लागतो याचा विचार त्यानं केला नाही आणि मॅडमनीही केला नाही. आम्ही निघालो.

ओंकार गवतात उताणा पडला होता. नाव खिशातल्या लायसनवरून कळलं. अंगावर चांगला गडद शर्ट, पँट, पायात बूट. सगळं कोरडं ठणठणीत. पण शर्टाच्या प्रत्येक चुणीत, भुवयांमध्ये, कानांच्या पाळ्यांवर पांढरी खर साचली होती. ओठांच्या कडाही पांढऱ्या. नाकाशी फेस वाळून चिकटला होता. मॅडमनी एक कण नखावर घेतला, उन्हाकडे धरून पाहिला.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या.

मी बुटाकडे बघत होतो. बुटाच्या शिवणीत वाळू होती, बारीक आणि काळपट. आमच्या भागातली नव्हे.

भीमा लांबच उभा होता. जवळ यायला तयार नव्हता. "काल रातच्याला म्या पान्याचा आवाज ऐकला," तो म्हणाला. "खळ्ळ करून पडायचं, मंग जरा गप, मंग परत खळ्ळ. लई वेळ चाललं हुतं. आमचा आजा म्हनायचा, ह्यो माळ पयला समुद्र हुता."

मी भुताखेतांना मानत नाही. पण त्या वेळी वाऱ्यानं सगळं गवत एका बाजूला झुकलं, आणि मी मॅडमच्या जरा जवळ सरकलो हे खरं आहे.

२

माळाच्या कडेला एकच वस्ती आहे, ती म्हणजे हनुमंतरावांचा काळवीट कॅम्प. पाच-सहा तंबू, एक स्वयंपाकघर, मागे द्राक्षाची बाग आणि वाइनची शेड. अभयारण्य शेजारीच असल्यामुळे पाहुण्यांना खुर्चीत बसून काळवीट दिसतात. पोलीस येईपर्यंत आम्ही तिथंच थांबलो.

हनुमंतरावांनी स्वतः पाणी आणून दिलं. पन्नाशीचा, शेलाटा, बोलायला गोड माणूस. ओंकारचं ऐकून ते मटकन खालीच बसले.

"अहो, आमची सगळी जुळवाजुळव झाली होती मॅडम," ते म्हणाले. "ओंकारची केडगावला टूरची कंपनी. त्यानं नवी सहल काढली होती. आधी मुंबई शहर, मग कोकणात समुद्र, तिथून इथं काळविटांची सफारी आणि शेवटी आपल्या शेडमध्ये वाइन. एका फेरीत सगळं. लोकांना न्यायच्या आधी स्वतः एकदा सगळं फिरून बघतो म्हणाला. काल कोकणातून इथं मुक्कामाला येणार होता."

"आला होता?"

"न्हाई ना. दिवस बुडताना त्याची गाडी गेटपर्यंत आली. ड्रायव्हरनं वळवली आणि तसाच निघून गेला. आत कुणीच आलं न्हाई. मला वाटलं, काही विसरलं असेल, येतील परत."

माझ्या पेल्यात अर्धं पाणी उरलं होतं. हनुमंतरावांनी बोलता बोलता तो उचलला, चार पावलं चालून अंगणातल्या चिंचेच्या रोपाला ओतला. रोपाला विटांचं आळं केलेलं, वर सावलीला पाचट.

"आई गेली त्या साली लावली," ते ओशाळून म्हणाले. "डोक्यावर हंडे वाहून मेली बिचारी. थेंब जरी सांडला तरी पाठीत धपाटा घालायची. अजून हात होत न्हाई पाणी फेकायला."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. मॅडम समोर बघत होत्या. पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यापासून दगड भिरकावला तर पोचेल इतक्या अंतरावर तीन काळवीट आणि एक मादी निवांत उभी होती. जिथं ती उभी होती तिथली जमीन गुळगुळीत झाली होती, मधोमध खोलगट.

"बरेच धीट झालेत हो तुमचे काळवीट," मॅडम म्हणाल्या.

"माया लावली की जनावर येतं," हनुमंतराव म्हणाले.

३

संध्याकाळपर्यंत फौजदारांनी आरोपी पकडलासुद्धा. ओंकारचा ड्रायव्हर अजिनाथ.

इथं मला माझं सांगायला हवं. अजिनाथ माझा लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही एका बाकावर बसून नापास झालो, एकाच उस्तादाकडे गाडी शिकलो. माझ्या निकाहात सगळ्यात जास्त तो नाचला होता. मुंगी चिरडली तरी गाडी थांबवेल असा माणूस. त्याची म्हातारी आई साळूबाई पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसली होती, काही न खातापिता. मला बघून तिनं फक्त माझा हात धरला. मला रडू आवरेना.

फौजदारांचं म्हणणं सरळ होतं. माणूस खाऱ्या पाण्यात बुडालेला, अंगावर मीठ, बुटात समुद्राची वाळू. म्हणजे तो कोकणातच बुडाला. तिथं त्याच्यासोबत अजिनाथशिवाय कोणी नव्हतं. त्यानं प्रेत गाडीत मागच्या सीटवर झोपवून आणलं आणि लांडगे खातील म्हणून माळावर टाकलं. टोलनाक्यावरच्या लोकांनीही मागे कोणीतरी झोपलेलं पाहिलं होतं. पोटातल्या पाण्याचा तपास मोठ्या गावाला जाऊन यायला बरेच दिवस लागणार होते. तोवर अजिनाथ आत.

मॅडमनी रदबदली करून मला त्याच्याशी बोलू दिलं. त्याचा चेहरा एका दिवसात उतरला होता.

"शम्या, साहेब दमून झोपले हुते रे. सकाळी समुद्रात पवले, मंग लॉजवर आंगुळ केली, धुतलेली कापडं घातली, तवा निघालो आमी. मी त्यांना गेटावर उतरवलं. बॅग खांद्याला मारून चालत आत गेले."

"तू आत का गेला नाहीस?"

"तेच म्हनाले, तू घरी जा. म्हनाले, हनुमंतरावांशी मला एकट्यानं बोलायचंय. त्यांचा कॅम्प आपल्या सहलीत न्हाई घ्यायचा." त्यानं गजांना कपाळ टेकलं. "जनावराला फसवून मानसाला दावायचं, आसल्या धंद्यात मी न्हाई, आसं म्हनाले. वनखात्याला सांगनार हुते. मला काय समजलं न्हाई."

मी बाहेर येऊन हे मॅडमना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "धुतलेले कपडे म्हणाला ना?"

घरी पोचलो तर भीमाचा फोन. या वेळी तो रडत होता.

"मॅडम, त्यो समुद्र माज्या मेंढरांत शिरलाय."

४

भीमाचा तळ कॅम्पच्या उतारावर होता. तिथं बॅटरीच्या उजेडात जे पाहिलं ते मी अजून स्वप्नात बघतो.

मेंढ्या गोल फिरत होत्या. एकेकटी, आपापल्या जागी, जशी काही प्रत्येकीला मधल्या अदृश्य खुंट्याला बांधलं आहे. आवाज नाही, बें-बें नाही. काही जणी दगडी बांधाला डोकं लावून तसंच पुढे रेटत होत्या. डोळे उघडे, पण समोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. तीन मरून पडल्या होत्या. आणि जवळजवळ सगळ्यांच्या हनुवटीखालची पांढरी लोकर तांबूस झाली होती.

"रगत पिल्यात," भीमा कुजबुजला.

खरं सांगतो, मी मनातल्या मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होतो. मॅडमनी मात्र एका मेंढीची हनुवटी धरून वास घेतला, कापसानं पुसलं आणि कापूस खिशात टाकला.

"सकाळी पाणी कुठं पाजलंस?"

"हनुमंतरावांच्या हौदात. रोज तितंच पाजतो. लई पुन्यवान मानूस. कॅम्पाचं वापरलेलं सगळं पानी बादल्यांनी त्या हौदात आणून टाकत्यात, जनावरांना व्हावं म्हनून. काल हौद कोरडा हुता, दिसभर पानी न्हवतं मिळालं, तवा आज मेंढरं तुटून पडली."

मॅडम हौदाकडे गेल्या. तळाशी थोडंसं पाणी उरलं होतं. त्यांनी एक बाटली भरून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि परत येऊन मोठ्यानं, आजूबाजूच्या बघ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कापलेल्या ज्वारीला कोवळे फुटवे आलेत ना, ते खाल्लेत यांनी. ज्वारी लागलीय, त्या फुटव्यांचं विष भिनलंय. भीमा, पाणी दे, पण घोट घोट. एकदम नको, नाहीतर आहेत त्याही जातील."

ज्वारी लागण्याच्या किती केस मी पाहिल्यात. त्यावरचं इंजेक्शन आमच्या पेटीत कायम असतं. मी ते काढून पुढे केलं तर मॅडमनी डोळ्यांनीच नको म्हटलं. आणि ज्वारी लागलेल्या जनावराचं पाणी कधी कोणी तोडतं का?

"मॅडम—"

"शमशेर, तुझ्या दोस्ताला सोडवायचंय ना? मग उद्यापर्यंत तोंड शिवून ठेव."

हे मला सांगणं म्हणजे मेंढीला गोल फिरू नको सांगण्यासारखं. पण मी ठेवलं.

५

दुसऱ्या दिवशी हनुमंतराव जबाब द्यायला ठाण्यात गेले होते, तेव्हा आम्ही कॅम्पवर गेलो. स्वयंपाकाची बनुबाई एकटीच होती. तिच्या चुलीपुढे एक नवंकोरं गोणपाट पायपुसणं म्हणून टाकलेलं. मॅडमनी चपला काढून त्याला तळवा घासला आणि मान हलवली.

"बनुबाई, त्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांसाठी काय केलं होतंत?"

"हुलग्याची शेंगुळं केली हुती, पर वाढायला म्या थांबलेच न्हाई. मालकांनी ऊन उतरायच्या आत घरी धाडलं. म्हनाले, पाव्हन्याला एकट्यात बोलायचं हाय, मीच वाढतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी पातेलं निम्मं रिकामं. मालक म्हनाले पाव्हना आलाच न्हाई. आता मालकांनी एकट्यानं येवडी खाल्ली आसत्याल तर खाल्ली आसत्याल."

शेडला कुलूप होतं आणि किल्ली मालकाच्या कमरेला. पण मागच्या खिडकीच्या जाळीतून आत दिसत होतं. पिंपं, बाटल्यांची मांडणी आणि मधोमध मोठा लाकडी टब. पाहुणे त्यात उतरून पायांनी द्राक्षं तुडवतात, फोटो काढतात. कडा जांभळ्या काळ्या झालेल्या. टब कोरडा होता. फळ्यांच्या मधल्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता.

"आत्ता गं बया," बनुबाई म्हणाली. "ह्यो तर मालक कदी रिकामा ठिवत न्हाईत. पानी न्हाई ऱ्हायलं की फळ्या फाकत्यात म्हनं. बारमास भरलेला आसतो."

मॅडमनी जाळीतून बराच वेळ पाहिलं. मी पाहिलं तर फटींच्या कडेला जांभळ्यावर पांढरी रेघ उमटलेली. अगदी ओंकारच्या शर्टाच्या चुणीसारखी.

आतून लाकूड तडकल्याचा आवाज झाला. बनुबाईनं देवाचं नाव घेतलं, मी माझ्या अल्लाचं.

"चल," मॅडम म्हणाल्या. "घरून एक बादली पाणी आणायचंय."

६

दिवस कलताना फौजदार आले, मॅडमनी बोलावलं म्हणून, पण कपाळावर आठ्या घालूनच. हनुमंतरावांनी खुर्च्या मांडल्या. काळवीट नेहमीच्या जागी येऊन उभे होते. भीमाही आला होता, काठी धरून लांबवर बसला.

मी जीपमधून झाकलेली बादली आणली आणि सांगितल्याप्रमाणे हनुमंतरावांच्या पायाशी ठेवली.

"हनुमंतराव, हौद धुऊन घेतला आम्ही," मॅडम सहज म्हणाल्या. "मेंढ्या ज्वारीनं गेल्या, पण हौदही साफ असावा. तळाचं एवढं पाणी निघालं. म्हटलं, तुम्हाला फेकलेलं आवडायचं नाही. घाला तुमच्या चिंचेला."

हनुमंतरावांनी बादलीकडे पाहिलं. उचलली. चिंचेपर्यंत गेले. आळ्याशी वाकले आणि तसेच थांबले.

वारा पडला होता. त्यांच्या हातातली कडी कुरकुरत होती.

मग ते वळले, बाजूच्या खडकाळ जमिनीकडे गेले आणि बादली तिरकी केली. पण हात तिथंही पुढे जाईना. आयुष्यभर ज्यानं पेल्यातला घोट वाया घालवला नाही, तो माणूस भरली बादली घेऊन झाड आणि खडक यांच्या मध्ये उभा होता, आणि दोन्हीकडे त्याला जाता येत नव्हतं.

"काय झालं?" फौजदार वैतागले. "घाला की झाडाला."

"अहो, खारं पाणी झाडाला घालतात का?" हनुमंतराव कळवळून म्हणाले. "मरेल ना ती!"

मॅडम उठल्या. त्यांनी बादलीत पेला बुडवला, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत गटागटा प्यायला.

"हे माझ्या घरचं पाणी आहे, हनुमंतराव. गोड आहे. हौदात मीठ होतं हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. भीमालासुद्धा नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

हनुमंतरावांनी बादली खाली ठेवली. न सांडता.

मग मॅडमनी फौजदारांना एकेक करून सांगितलं. मेंढ्यांना मीठबाधा झाली होती. तहानलेल्या जनावरानं समुद्राइतकं खारं पाणी ढोसलं की ते आंधळं होतं, गोल फिरतं. माळावर तसं पाणी येणार कुठून? ते कोणीतरी बनवलं होतं. मेंढ्यांच्या हनुवटीचा तांबडा रंग रक्ताचा नव्हता, कापसाला द्राक्षाचा आंबूस वास होता. म्हणजे पाणी टबातलं. आणि मीठ या कॅम्पवर गोणीनं येत होतं, चुलीपुढचं पायपुसणं म्हणजे त्याचीच रिकामी गोणी. खुर्च्यांपुढची जमीन चाटून चाटून खोल झाली ती उगाच नाही. काळवीट मायेनं येत नव्हते, मीठ चाटायला येत होते. ओंकारला हेच कळलं होतं, म्हणून तो सहलीतून कॅम्प काढणार होता आणि वनखात्याला सांगणार होता.

"त्याचं डोकं तुम्ही टबात दाबलंत. साध्या पाण्यात," मॅडम म्हणाल्या. "नंतर आठवलं की तो सकाळी समुद्रावर होता आणि तुम्ही नव्हता. तो कोकणात मेला असं ठरलं की तुमच्याकडे बोटच दाखवता येणार नाही. म्हणून गोणी टबात रिकामी केलीत, त्याला कपड्यांसकट पुन्हा त्यात बुडवलंत आणि माळावर नेऊन टाकलंत. पण तो समुद्रातून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून निघाला होता. बुटात वाळू राहिली, शर्टात मीठ राहायचं काही कारण नव्हतं."

"आनि त्यो पान्याचा आवाज?" भीमानं विचारलं.

"टब रिकामा करायचा होता. जमिनीवर ओतला असता तर एका रात्रीत माळानं पिऊन टाकला असता, कोणाला पत्ता लागला नसता. पण यांच्या हातून ते होईना. झाडाला घालवेना आणि फेकवेना. मग बादली बादली करून हौदात नेला. मीठ जनावरं आवडीनं चाटतात हे रोज बघत होते, तेव्हा खारं पाणीही पितील, काही होणार नाही, असं वाटलं."

हनुमंतराव आता चिंचेशेजारी जमिनीवर बसले होते. ते फौजदारांशी बोलत नव्हते, माझ्याशीही नाही.

"शेडमध्ये बसून शेंगुळी खाताना सांगितलं त्यानं," ते म्हणाले. "हसत हसत. म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, पण उद्याच अर्ज देतो. ह्या खडकावर मी बाग उभी केली मॅडम. पाणी डोक्यावरून आणून. तो शहाणा उठला आणि टबात वाकून बघायला लागला, किती खोल आहे म्हणून."

शिपायांनी शेड उघडली. मागच्या द्राक्षाच्या चोथ्याच्या ढिगात ओंकारची बॅग निघाली, त्यात दमट टॉवेल आणि कुणा लहानग्यासाठी गोळा केलेले शिंपले. ते शिंपले बघून मला पहिल्यांदा ओंकारसाठी रडू आलं. इतका वेळ मी फक्त अजिनाथचाच विचार करत होतो.

अजिनाथ त्याच संध्याकाळी सुटला. साळूबाईनं आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग पोटाशी धरलं. पण ते नंतर. त्याआधी, शिपाई हनुमंतरावांना पोलिसांच्या जीपकडे नेत होते तेव्हा ते गेटाशी अडले.

"मॅडम, ते पाणी गोड आहे ना? नक्की?"

"गोड आहे."

"मग आईला घाला तेवढं. आज मी ठाण्यात होतो, कोणी घातलं न्हाई."

मॅडमनी मला खूण केली. मी बादली उचलली आणि आळ्यात ओतली. जमिनीनं ती एका श्वासात ओढून घेतली. मागे वळून पाहिलं तर जीप निघून गेली होती, आणि खुर्च्यांपुढे काळवीट मान खाली घालून ती मोकळी, गुळगुळीत जमीन चाटत होते. मी हाकललं, टाळ्या वाजवल्या, दगडही भिरकावला. त्यांच्यातलं एकही हललं नाही.